रस्त्यापलीकडचं गॅरेज

ब्रेंडाचा ट्रक लिंडेन रस्त्याला लागला की इर्माला तो न बघताच कळायचा. मागच्या ट्रेलरची एक साखळी सैल होती, ती खडखडत यायची. एप्रिल सरत आला, बर्फ वितळून मागल्या सालची कुजकी पानं अंगणात उघडी पडली, की तो खडखडाट सगळ्यात आधी इर्माच्या दाराशी थांबायचा. नवरा गेल्यापासून चार वर्षं असंच चालत आलं होतं. त्या सोमवारी मात्र खडखडाट तिच्या दारावरून पुढे गेला, वळला आणि समोर लुएलाच्या दाराशी जाऊन थांबला.

इर्मा स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. तिनं हातातला कप खाली ठेवला.

"अस्सं," ती म्हणाली. घरात ऐकायला कोणी नव्हतं.

ब्रेंडा ट्रकमधून उतरली. पन्नाशीची, आडव्या हाडाची बाई. पाठोपाठ तिचा भाऊ कर्ट दाताळी आणि फावडी खांद्यावर टाकून उतरला. ही बहीणभावंडं गावातली अंगणं साफ करायची, पन्हाळींतली पानं काढायची, कोणाच्या तळघरातली अडगळ काढून कचरा डेपोवर नेऊन टाकायची. गावात दुसरेही होते, पण ब्रेंडासारखं कडेकडेनं स्वच्छ करणारं कोणी नव्हतं. इर्माला हे पक्कं माहीत होतं, कारण ब्रेंडाला या रस्त्यावर आणलं होतं तिनंच.

तिनं फोन लावला. समोर ब्रेंडानं खिशातून फोन काढला आणि खिडकीकडे बघून हात हलवला.

"मिसेस टॉलेफसन, दिसताय मला तुम्ही!"

"अगं, घर चुकलीस का माझं? म्हटलं विचारावं."

"नाही हो. लुएलानं जानेवारीतच सांगून ठेवलं होतं. गॅरेज, परस, सगळंच काढायचंय. दोन दिवसांचं काम आहे. तुमच्याकडे बुधवारी."

"बुधवारी पाऊस आहे."

"मग गुरुवारी. पानं कुठे पळून जातायत?"

इर्मानं फोन ठेवला. पानं पळून जाणार नव्हती, हे खरं. तिला झोंबलं ते वेगळंच. चार वर्षं झाली, तरी आपण हिला मिसेस टॉलेफसन, आणि ती चार दिवसांत लुएला!

लुएला हे जग सोडून जाईपर्यंत समोरच राहणार, असं इर्मानं धरून ठेवलं होतं. पण शहात्तराव्या वर्षी लुएला घर विकून डलूथला मुलीकडे चालली होती. मुलीचं घर म्हणे सरोवराच्या काठावर होतं. इर्माला मूल नव्हतं. हेही एक होतंच.

पण आपण मुळापासून सांगू. इर्मा लुएलावर जळत होती ती काही ब्रेंडापासून नव्हे, की डलूथच्या सरोवरापासूनही नव्हे. ती जळत होती ऑर्विलपायी.

ऑर्विल म्हणजे इर्माचा नवरा. उंच, अबोल, धान्याच्या कोठारावर नोकरीला. एक्कावन्न वर्षांच्या संसारात त्यानं आवाज चढवला नाही, दारू प्यायला नाही, रविवारचं चर्च चुकवलं नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, "नशीब काढलंस गं इर्मा." आणि नशीबवान इर्मा दर शनिवारी सकाळी याच खिडकीत उभी राहून बघायची, की जॅकेटची चेन लावून ऑर्विल रस्ता ओलांडतोय आणि लुएलाच्या गॅरेजच्या बाजूच्या दारानं आत शिरतोय.

"लुएलाचा नळ गळतोय," तो सांगून जायचा. नाहीतर "लुएलाचं गवताचं मशीन अडलंय." थंडीत बर्फ काढायला निघाला तर आधी तिच्या दारचं, मग स्वतःच्या.

लुएलाचा नवरा अलास्कात तेलाच्या पाइपलाइनच्या कामावर गेला तो परत आलाच नाही. तीन पोरं पदरात. तेव्हा शेजाऱ्यानं मदत करायला हवी, हे इर्मालाही मान्य होतं. पहिली दोन वर्षं तिनं स्वतः ओव्हनमधून काढलेलं जेवण झाकून समोर पोचवलं होतं. पण पोरं मोठी झाली, उडून गेली, आणि ऑर्विल जातच राहिला. दर शनिवारी, सव्वीस वर्षं. कुठल्या घराचा नळ सव्वीस वर्षं गळतो?

तिनं कधी विचारलं नाही. आमच्याकडे असलं विचारत नाहीत. विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की त्याच्याबरोबर जेवायला बसावं लागतं. ती बटाटे सोलत खिडकीत उभी राहायची, आणि तो परत आला की "झालं का?" एवढंच म्हणायची. "झालं," तो म्हणायचा. त्याच्या अंगाला तेलाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास यायचा. कधी तो वास तिनं श्वास रोखून हुंगला होता, आत दुसरा कुठला वास लपलाय का म्हणून.

तो गेला त्या वर्षी चर्चच्या तळघरात, कॉफी आणि हॅमच्या सँडविचच्या टेबलापाशी, लुएला खूप रडली होती. इर्मा रडली नव्हती. लोक लुएलाचे खांदे थोपटत होते. ते दृश्य इर्मानं जपून ठेवलं होतं, लोक फोटो ठेवतात तसं.

सोमवारचा अख्खा दिवस तिनं खिडकीत काढला. कर्टनं कुंपणाकडेची झुडपं कापली, ब्रेंडानं पानं ओढून मोठमोठ्या कागदी पिशव्यांत भरली. लुएलाचं अंगण म्हणजे पंचवीस वर्षांचं रान होतं. इर्माची हिरवळ गालिच्यासारखी, आणि समोर ते. रस्त्यावर कोणी नवं आलं की इर्माला त्याचा गुपचूप आनंद व्हायचा. आता तेही जाणार होतं. तीन वाजता लुएला काठी टेकत बाहेर आली, ताटात काहीतरी घेऊन. ते तिघं पायरीवर बसून खात होते, कर्ट काहीतरी सांगत होता आणि लुएला मान मागे टाकून हसत होती. इर्माकडे ब्रेंडा कधी पायरीवर बसली नव्हती. इर्मानं तिला कधी बस म्हटलंच नव्हतं, हे खरं, पण ते त्या क्षणी तिला आठवलं नाही.

मंगळवारी सकाळी गॅरेजचं मोठं दार वर गेलं. इर्मानं ते उघडं असं कधी पाहिलंच नव्हतं. गाडी लुएला बाहेरच लावायची. ब्रेंडाची कामाची एक रीत होती: घरमालकानं आधीच सगळ्या सामानाला रंगीत पट्ट्या चिकटवून ठेवायच्या. निळी पट्टी म्हणजे ठेवायचं, नारिंगी म्हणजे डेपोवर. मग उचलताना विचारपूस नाही, रडारड नाही. "पट्टी बोलते, मी नाही," ती म्हणायची.

जुने टायर निघाले, मोडकी सायकल निघाली, नाताळचं प्लॅस्टिकचं झाड निघालं. सगळ्यांवर नारिंगी. आणि मग कर्ट दोन्ही हातांत एक लाकडी स्टूल घेऊन बाहेर आला.

गडद हिरवं, तीन पायांचं. इर्माच्या पुढच्या दाराला जो हिरवा रंग होता तोच. तो रंग ऑर्विलनं स्वतः मिसळून केला होता. दुकानात मिळणारा नव्हेच.

कर्टनं ते ठेवलं, आत गेला, आणि तसंच दुसरं घेऊन आला.

दोन स्टुलं.

इर्मानं कोट चढवला. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून फ्रिजमधल्या रूबार्बच्या वड्या उचलल्या, आणि रस्ता ओलांडला. सव्वीस वर्षं खिडकीतून ओलांडलेला रस्ता पायांनी ओलांडायला तिला अर्धं मिनिट लागलं.

"या, मिसेस टॉलेफसन," कर्ट म्हणाला. "गुरुवार अजून आला नाही हं."

"मला कॅलेंडर वाचता येतं," इर्मा म्हणाली आणि त्याला बाजूला सारून आत शिरली.

आतल्या भिंतीला लागून एक लांब कामाचं टेबल होतं. त्याच्या कडेला काम घट्ट पकडून ठेवणारा लोखंडी शिकंजा. वर फळीवर कॉफीचे पत्र्याचे डबे, तीसएक तरी असतील, आणि प्रत्येकावर चिकटपट्टी आणि पट्टीवर उभ्या, ताठ अक्षरांत लिहिलेलं. ते अक्षर तिला विचारायची गरज नव्हती. ते अक्षर तिच्या घरच्या प्रत्येक बिलावर होतं.

"वाकलेले, पण सरळ होतील." आत खिळे.

"बहुतेक चांगले." आत स्क्रू.

"कशाचे ते माहीत नाही. टाकू नये."

प्रत्येक डब्याखाली, टेबलाला, शिकंज्याला नारिंगी पट्टी.

इर्माला ते टेबल ओळखता यायला थोडा वेळ लागला, कारण ते तिथे असणं शक्यच नव्हतं. ते टेबल तिनं फेकलं होतं.

ब्याऐंशी सालची गोष्ट. मे महिन्यात मासेमारी खुली होते त्या शनिवार-रविवारी गावातले सगळे पुरुष उत्तरेला तळ्यांवर जातात, अजूनही जातात. त्याच शनिवारी त्या वर्षी गावाचा सफाईचा दिवस आला होता. घरातली नको ती अडगळ रस्त्याच्या कडेला लावायची, सोमवारी नगरपालिकेचा ट्रक येऊन फुकट उचलतो. इर्मा वर्षानुवर्षं ऑर्विलला सांगत होती, तुझं ते गॅरेज आवर, गाडी ठेवायला जागा नाही. तो "आवरतो" म्हणायचा. तर त्या शनिवारी तिनं दोन माणसं मजुरीला लावली आणि तो तळ्यावर असताना गॅरेज धुऊन काढलं. टेबल, डबे, लाकडाच्या फळ्या, त्याच्या वडिलांचा शिकंजा, सगळं कडेला. जमीन पाइपानं धुतली. इतकी स्वच्छ, की तिथे जेवायला बसावं.

रविवारी संध्याकाळी ऑर्विल आला. मासे सिंकमध्ये ठेवले. गॅरेजच्या दारात उभा राहिला, बराच वेळ.

"स्वच्छ दिसतंय," तो म्हणाला.

तिला वाटलं, त्याला आवडलं. खरंच वाटलं. पुढच्या शनिवारपासून लुएलाचा नळ गळायला लागला, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तिच्या मनात तीस वर्षांत आलं नव्हतं.

"कडेला ठेवलेलं कोणीही उचलावं, असं असतं ना?" मागून लुएलाचा आवाज आला. ती काठीवर भार देऊन दारात उभी होती. "मी उचललं. पोरांच्या खेळण्यातली ती लाल गाडी होती, तिच्यावरून. बारा खेपा झाल्या. टेबलाला पोरांनी हात लावला. तू आत आंघोळीला गेली होतीस बहुतेक."

"तू कडेचं उचलायचीस ते माहीत होतं मला," इर्मा म्हणाली. "सगळ्या रस्त्याला माहीत होतं."

"हो, माहीत होतं सगळ्यांना. खुर्च्या तशाच आणल्या मी, पलंग तसाच आणला. त्याला कोण काय म्हणतं त्याची लाज वाटून कधीच संपली होती. पण हे मी माझ्यासाठी नव्हतं आणलं गं."

"मग कोणासाठी?"

"त्याचं तोंड तू बघितलं नव्हतंस, त्याच्या आदल्या नाताळात मला शिकंजा दाखवला तेव्हाचं. बापानं दिलेला, म्हणाला. दोनदा म्हणाला. ऑर्विल एखादी गोष्ट दोनदा म्हणाल्याचं ऐकलंयस तू कधी?"

इर्मानं शिकंज्याकडे बघितलं. ऐकलं नव्हतं.

"सोमवारी मी त्याला हाक मारून दाखवलं," लुएला पुढे म्हणाली. "म्हटलं, घेऊन जा घरी. तो म्हणाला, इर्माला वाईट वाटेल. तिनं एवढं आवरलंय."

"त्यानं मला सांगायचं होतं!"

"हो. सांगायचं होतं."

"तू सांगायचं होतंस! सव्वीस वर्षं मी त्या खिडकीत..." इर्मा थांबली. ब्रेंडा आणि कर्ट ट्रेलरच्या मागे एकदम फार कामात गेले.

लुएलानं तिच्याकडे नीट बघितलं. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "इर्मा! तुला असं वाटत होतं? माझ्याकडे बघ तरी. माझ्याकडे मेला एक धड झगा नव्हता, तीन पोरं होती, आणि डोक्यावर ते प्लॅस्टिकचे कर्लर!"

"दोन स्टुलं आहेत," इर्मा म्हणाली. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला.

"आहेत. दुसरं माझं. हिवाळ्यात घर गरम करायला परवडायचं नाही, इथे तो शेगडी पेटवायचा. मी विणत बसायची."

म्हणजे बसायची. इर्मानं ते ऐकलं आणि तिच्या छातीत जुनं दुखणं जागं झालं, फक्त त्यानं कूस बदलली होती. पाप झालं नव्हतं. पाप झालं असतं तर बरं झालं असतं; पापाला माफ तरी करता येतं. हिनं त्याला पाहिलं होतं, वाकलेला खिळा ऐरणीवर ठेवून सरळ करताना. सव्वीस वर्षांचे शनिवार. आपल्याला त्यातला एकही नाही, आणि तो आपण स्वतःच कडेला लावला, मजूर लावून.

"आणि आता डेपोवर पाठवतेस?" ती म्हणाली. "न विचारता?"

"चार वर्षं विचार करतेय. तुला दिलं असतं तर तू फेकलं असतंस. एकदा फेकलेलं तू दुसऱ्यांदा फेकताना मला बघायचं नव्हतं. म्हटलं मीच फेकते."

ब्रेंडा आत आली. तिनं घड्याळाकडे बघितलं. "माफ करा हं. डेपो चारला बंद होतो. टेबल शेवटी चढवायचंय, ते आधी सुटं करावं लागेल. करवत आणू का?"

"नको!" इर्मा म्हणाली.

ब्रेंडा दारातच वळली.

"सुटं करायचं नाही. अख्खं उचला. डबे त्याच क्रमानं. आणि डेपोवर न्यायचं नाही, समोर न्यायचं. माझ्या गॅरेजमध्ये."

कर्टनं रस्त्याकडे बघितलं, मग इर्माच्या गॅरेजकडे, जिथे एक गाडी, एक झाडू आणि एक पाइप सोडून काहीही नव्हतं. "मिसेस टॉलेफसन, आम्ही बावीस वर्षं लोकांच्या घरातनं सामान बाहेर काढतोय. आत घालायला कोणी बोलावलं नव्हतं अजून."

"मग आज शिका. ट्रेलरभराचं काय होईल ते सांगा, देते."

"चाळीस पावलांचे ट्रेलरभर पैसे?" ब्रेंडा म्हणाली. "आणि पट्टी नारिंगी आहे."

इर्मानं हातातलं वड्यांचं ताट लुएलाच्या हातात दिलं, शिकंज्यापाशी गेली आणि नखानं पट्टी खरवडायला लागली. ती सुटेना. लुएला काठी टेकवत जवळ आली, ताट टेबलावर ठेवलं आणि दुसऱ्या टोकानं ओढायला लागली. दोन म्हाताऱ्या, एक चिकटपट्टी. ब्रेंडानं काही वेळ बघितलं, मग कर्टला म्हणाली, "टेबलाचं ते टोक धर."

दुपारी दोनपर्यंत सगळं इकडून तिकडे झालं. इर्माच्या धुतलेल्या जमिनीवर भुसा सांडला, एक तेलाचा डाग पडला. तिनं पाइप हातात घेतला नाही. एक हिरवं स्टूल टेबलापाशी ठेवलं. दुसरं लुएलाच्या अंगणात उरलं होतं.

"ते?" ब्रेंडानं विचारलं.

इर्मा रस्त्याच्या कडेला उभी होती. मनातून तिला ते तिथेच राहू द्यायचं होतं, नाहीतर ट्रेलरमध्ये. लुएलाच्या हातात त्याच्यावरची पट्टी होती. ती तिनं आधीच काढली होती.

"ते पण आणा," इर्मा म्हणाली. "आणि तिला पण."

लुएला येऊन आपल्या स्टुलावर बसली. इर्मा दुसऱ्यावर बसली. ते तिला उंच होत होतं, पाय जमिनीला नीट पोचेनात. ब्रेंडाचा खडखडाट दूर गेला. 

"काय बोलायचा?" इर्मानं विचारलं. हे विचारायला तिला लाज वाटत होती आणि विचारल्यावाचून राहवतही नव्हतं. "तिथे. तुझ्याशी."

"बोलायचा? छे. ऑर्विल कुठला बोलतो! शीळ घालायचा."

"ऑर्विल शीळ घालायचा?"

"अगं, सारखी. दारातनं आत आला की सुरू."

इर्माला आठवलं. सत्तावन्न सालचा हिवाळा, लग्नाला दोन महिने. तिचं डोकं ठणकत होतं, आणि तो बूट काढत काहीतरी वाजवत होता ओठांवर. ती म्हणाली होती, "घरात नको ना." एवढंच. तिला वाटलं होतं, त्या एका दिवसापुरतं.

"कोणतं?" ती म्हणाली. "कोणतं वाजवायचा?"

"एकच. नाचाचा पोल्का होता कसलातरी. बाजेवाल्यांकडे वाजतो तसला."

"वाजवून दाखव."

"इर्मा, वरचे दात खोटे आहेत माझे!"

"वाजव म्हणते ना."

लुएलानं ओठ ओले केले, गोल केले आणि फुंकर मारली. नुसती हवा आली, आणि हवेच्या टोकाला एखादा बारीक सूर, उंच, वाकडा, लगेच तुटलेला. ती हसायला लागली. इर्मा हसली नाही. ती पुढे वाकली होती, कान लुएलाच्या तोंडाजवळ नेऊन, दोन्ही हातांनी स्टुलाची कड घट्ट धरून.

"परत," ती म्हणाली.